निलेकणींच्या नावावर फिरणारी अर्धी गोष्ट

नंदन निलेकणी यांच्याविषयी एक दावा गेली कित्येक वर्षे समाजमाध्यमांवर आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून सारखा फिरत असतो. तो थोडक्यात असा : इन्फोसिसच्या मालकाने कंपनी सोडून सरकारी खुर्ची स्वीकारली, बाबू लोकांना बाजूला सारून एकहाती आधार उभे केले, पाठोपाठ यूपीआयही दिले, अर्धी संपत्ती दान करून टाकली आणि एवढे करूनही कृतघ्न मतदारांनी २०१४ मध्ये त्यांना पाडले; तेव्हा देश चालवायचा तर तो कंपनी चालवणाऱ्यांच्याच हाती द्यावा. यातली बहुतेक विधाने अर्धवट खरी आहेत आणि शेवटचा निष्कर्ष मुळीच टिकत नाही. निलेकणींचे काम मोठे आहे याबद्दल वाद नाही. ते कशामुळे मोठे ठरले, तेवढे मात्र या दाव्यातून नेमके गळून जाते.

‘मालक’ या शब्दाचा निकाल आधी लावू. मुंबई आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडलेले निलेकणी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये लागले. तिथे त्यांचे वरिष्ठ असलेल्या नारायण मूर्तींसह सात जणांनी मिळून १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस नोंदवली आणि १९८३ मध्ये ती बंगळुरूला नेली. २००२ ते २००७ या काळात निलेकणी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. एकट्याची मालकी कधीच नव्हती. कौतुकाच्या भरात त्यांना ‘इंटरनेट उद्योजक’ही म्हटले जाते, पण भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १९९५ साली, आणि कंपनी तोवर चौदा वर्षे परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती.

आता आधार. प्रत्येक रहिवाशाला ओळख क्रमांक द्यावा ही कल्पना निलेकणींनी सरकारात आणली, असे सांगितले जाते. पण त्याआधीच कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीने सीमाभागातल्या नागरिकांना ओळखपत्रे देण्याची शिफारस केली होती, नागरिकत्व कायद्यात २००३ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राची तरतूद झाली होती, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना विशिष्ट क्रमांक देण्याच्या प्रकल्पाला माहिती तंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये मंजुरी दिलेली होती. विशिष्ट ओळख प्राधिकरणाची अधिसूचना जानेवारी २००९ ची आहे; निलेकणी कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जाने अध्यक्ष म्हणून रुजू झाले ते त्याच वर्षीच्या जुलैत. म्हणजे पाटी आधी लागली होती, माणूस मागाहून आला.

बाबूंना बाजूला सारल्याचा दावा तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. प्राधिकरणाचे महासंचालक राम सेवक शर्मा हे झारखंड केडरचे सनदी अधिकारी होते. कोणती माहिती घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष एन. विठ्ठल हे माजी केंद्रीय दक्षता आयुक्त होते, तर बोटांचे ठसे आणि बुबुळे यांचे मानक ठरवणारी समिती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या महासंचालकांकडे होती. नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता एवढ्यावरच थांबायचे, जात, धर्म, उत्पन्न विचारायचे नाही, हा शहाणपणा अशा बैठकांतून आला. क्रमांकही मुद्दाम आंधळा ठेवला गेला : बारापैकी अकरा अंक यादृच्छिक आणि बारावा केवळ टायपिंगची चूक पकडण्यासाठी, जेणेकरून आकड्यांकडे पाहून माणसाचा जिल्हा, वय किंवा जमात कळू नये.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे हजर होते, आणि त्या दिवसाची छायाचित्रे दाव्याबरोबर हमखास जोडली जातात. छायाचित्रात न दिसणारी व्यवस्था अशी होती की, नोंदणी प्राधिकरण स्वतः करतच नव्हते. राज्य सरकारे, बँका, आयुर्विमा महामंडळ, टपाल खाते हे ‘निबंधक’ झाले, त्यांनी खासगी संस्था नेमल्या, आणि यशस्वी नोंदणीमागे सुरुवातीला ५० रुपये मिळत. गावातल्या शाळेच्या खोलीत लॅपटॉप, ठसे घेणारे यंत्र आणि बुबुळांचा कॅमेरा मांडला जाई. खडी फोडून, ऊस तोडून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात, तेव्हा बुबुळे कामी येत. आलेली प्रत्येक नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम तीन कंत्राटदारांत वाटलेले होते आणि ज्याचे काम अधिक अचूक व वेगवान, त्याला पुढचा वाटा अधिक मिळे. या शेवटच्या युक्तीत उद्योजकाचा हात स्पष्ट दिसतो, आणि तिचे श्रेय निलेकणींना द्यायलाच हवे. त्याहून मोठे श्रेय मनधरणीचे आहे : ते राज्याराज्यांत फिरले, मुख्यमंत्र्यांना भेटले, करार करून घेतले. नोंदणी आपल्याच लोकसंख्या नोंदवहीतून व्हावी असा आग्रह गृहखात्याने धरल्यावर जानेवारी २०१२ मध्ये मंत्रिमंडळात तडजोड झाली आणि ६० कोटींच्या नोंदणीची जबाबदारी प्राधिकरणाकडे आली. ते मार्च २०१४ मध्ये पायउतार झाले, तेव्हा आकडा साठ कोटींच्या घरात होता. शंभर कोटींचा टप्पा एप्रिल २०१६ मध्ये गाठला गेला. त्या वेळी प्राधिकरणाची धुरा महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी अजय भूषण पांडे यांच्याकडे होती. ज्यांना बाजूला सारल्याचे सांगितले जाते, त्यांनीच उरलेले काम पुरे केले.

यूपीआयबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने उभारले. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवणारी, २०१० पासून चालू असलेली आयएमपीएस ही तिचीच यंत्रणा त्याच्या पायाशी होती. निलेकणी या कामात सल्लागार होते. सल्ला मोलाचा होता. पण सल्लागाराला जनक म्हणणे हा महामंडळातल्या आणि बँकांतल्या अभियंत्यांवर अन्याय आहे.

दानाबद्दलची चूक वेगळ्या प्रकारची आहे. नंदन आणि त्यांच्या पत्नी रोहिणी निलेकणी यांनी २०१७ मध्ये ‘गिव्हिंग प्लेज’वर सही केली, म्हणजे निम्मी संपत्ती हयातीत किंवा मृत्युपत्राद्वारे देण्याचे वचन दिले. हे वचन नैतिक आहे, कायद्याने बांधणारे नाही, आणि ते टप्प्याटप्प्याने पाळले जाते. ‘देऊन टाकली’ हा भूतकाळ चुकीचा आहे. प्रत्यक्ष दिलेले काही कमी नाही : मुंबई आयआयटीला २०२३ मध्ये ३१५ कोटी, त्याआधीचे ८५ कोटी, मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी एकस्टेप ही संस्था. दाव्यात हटकून वगळलेले नाव मात्र रोहिणीताईंचे असते. पाण्यावर काम करणारी अर्घ्यम आणि मुलांसाठी स्वस्त पुस्तके काढणारी प्रथम बुक्स ही त्यांची कामे आहेत. त्या मुंबईच्या सोमण घराण्यातल्या. त्यांचे आजोबा, बेळगावचे वकील बाबासाहेब सोमण, १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेसरशी चंपारणला गेले होते. सार्वजनिक कामाचा हा वारसा इन्फोसिसच्या समभागांहून बराच जुना आहे.

मतदारांच्या कृतघ्नतेविषयी एवढेच. दक्षिण बंगळुरूची जागा १९९१ पासून भाजपकडे होती आणि अनंतकुमार तिथून १९९६ पासून सलग निवडून येत होते. देशभर काँग्रेसविरोधी लाट असताना काँग्रेसचे उमेदवार म्हणून निलेकणींना चार लाखांहून अधिक मते मिळाली आणि ते सुमारे २ लाख २८ हजार मतांनी हरले. याला आधारवरचा कौल म्हणायचे, तर निवडून आलेल्या सरकारने तीच योजना पुढे वाढवली याचा मेळ कसा घालायचा?

राहता राहिला देश कंपनी चालवणाऱ्यांच्या हाती देण्याचा निष्कर्ष. कंपनीत वस्तू आधी बाजारात आणतात आणि त्रुटी मागाहून दुरुस्त करतात. आधारचेही तसेच झाले, आणि नेमके तिथेच ते अडकले. नोंदणी जोरात सुरू झाली तेव्हा कायदा नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने वर्षभरात फेटाळले, तरी नोंदणी केवळ प्रशासकीय आदेशावर चालूच राहिली. कायदा झाला २०१६ मध्ये, तोही धन विधेयकाच्या, म्हणजे राज्यसभेला अडवता न येणाऱ्या विधेयकाच्या, रूपात. कायद्याविना चाललेल्या या नोंदणीला त्याआधीच न्यायालयात आव्हान दिले होते ते निलेकणींच्याच बंगळुरूतल्या, ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, आणि त्यांचा मूळ आक्षेप हाच होता की, संसदेपुढे विधेयक पडून असताना सरकारने ते अमलात आणले कसे. त्या याचिकेतूनच २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार वैध ठरले, पण खासगी कंपन्यांना ते वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ चा भाग रद्द झाला. आणि एकट्या पडलेल्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी तर धन विधेयकाची वाट धरणे ही संविधानाशी केलेली लबाडी ठरवली.