पोनी एक्स्प्रेसला रेल्वेने संपवलं नाही

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. अमेरिकेत पोनी एक्स्प्रेसचे घोडेस्वार कित्येक दशकं देशभराचं टपाल पोचवत होते, धंदा जोरात होता, पण काळाबरोबर बदलले नाहीत म्हणून रेल्वेने त्यांना संपवलं. खाली तात्पर्य, 'बदला नाहीतर संपाल'. तात्पर्य कुणाला पटेल न पटेल, पण त्यासाठी इतिहास मोडू नये.

'कित्येक दशकं' म्हणजे प्रत्यक्षात दीड वर्ष. मिसूरीतल्या सेंट जोसेफहून कॅलिफोर्नियाकडे पहिला स्वार ३ एप्रिल १८६० रोजी निघाला आणि २६ ऑक्टोबर १८६१ रोजी सेवा बंद झाल्याचं जाहीर झालं.

पूर्व आणि पश्चिमेकडून येणारे रेल्वेचे रूळ यूटातल्या प्रॉमंटरीला जुळले ते १० मे १८६९ रोजी. पोनी एक्स्प्रेस थांबवली तारयंत्राने. सॉल्ट लेक सिटीत पूर्व-पश्चिमेच्या तारा २४ ऑक्टोबर १८६१ रोजी जोडल्या गेल्या, सेवा बंद झाल्याचं जाहीर होण्याच्या दोनच दिवस आधी. आणि 'बदलले नाहीत' हा आरोप तर अन्यायाचा आहे. तार पूर्ण होईपर्यंतच घोडे पळवायचे, असं १८६१ च्या सरकारी कायद्यातच लिहिलेलं होतं.

'देशभराचं टपाल' हेही खरं नाही. सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर पडत. ही सोय पेढ्या, वर्तमानपत्रं, व्यापारी यांची. सामान्य माणसाचं पत्र बोटीने पनामामार्गे जाई, नाहीतर बटरफिल्ड कंपनीच्या स्टेजकोचने, म्हणजे उतारू आणि टपाल नेणाऱ्या घोडागाडीने. खरी दाद या गाड्यांना द्यायला हवी. सप्टेंबर १८५८ पासून आठवड्यातून दोनदा, एल पासो आणि टूसानवरून सुमारे २,८०० मैल, २५ दिवसांच्या मुदतीत. टप्प्याटप्प्यावर जनावरं बदलायची, पण गाडी रात्रंदिवस चालूच. उतारू टपालाच्या थैल्यांना टेकून पेंगत. यासाठी सरकार वर्षाला ६ लाख डॉलर देई.

पोनी एक्स्प्रेसच्या मालकांचा, म्हणजे रसेल, मेजर्स आणि वॅडेल यांचा, डोळा असल्याच सरकारी टपालाच्या कंत्राटावर होता. बटरफिल्डच्या दक्षिणेकडच्या वळशाऐवजी मधला, जवळचा रस्ता हिवाळ्यातही चालू राहतो हे घोडे पळवून दाखवायचं होतं. रस्ता चालू राहिला, पण कंपनी कर्जात बुडाली. १८६२ मध्ये बेन हॉलिडे या व्यावसायिकाने ती लिलावात घेतली आणि १८६६ मध्ये आपला स्टेजकोचचा धंदा वेल्स फार्गो कंपनीला विकला. रेल्वेने कुणाचा घास घेतला असेल, तर तो तीन वर्षांनी या लांब पल्ल्याच्या स्टेजकोचचा.