खिडकी गळते आहे? आधी भोकं बुजवा!

डबल ग्लेझिंगची, म्हणजे दोन काचांमध्ये हवा कोंडलेली, खिडकी पावसात आतून गळायला लागली की मुळीच घाबरू नका. सिलिकॉनची नळी आणा, बंदुकीत भरा, बाहेर जा आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर जी बोटाच्या पेराएवढी आडवी भोकं दिसतात, ती एकेक करून बुजवून टाका. भोक म्हटलं की पाणी येणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. कारखान्याने ती भोकं मुद्दाम यंत्र लावून पाडली, वर त्यांना प्लास्टिकची टोपणं बसवली, म्हणजे त्या बिचाऱ्यांच्या डोक्यात काही आलं नसणार. तुमच्या आलं. अभिनंदन.

परवाच अशी बुजवलेली एक चौकट कोरून मोकळी करावी लागली, त्या आनंदात हे मार्गदर्शन. तिच्याकडे येऊच. आधी बाकीचे रामबाण उपाय.

काचेवर धुकं धरलं तर ते कुठल्या बाजूला आहे हे तपासत बसू नका. खोलीच्या बाजूला असेल तर ते घरातल्या दमट हवेचं, खिडकी थोडा वेळ उघडली की जातं. थंडीच्या पहाटे बाहेरच्या बाजूला असेल तर काच आपलं काम चोख करते आहे: घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार राहते आणि दव धरते. आणि दोन्हीकडून पुसूनही हलत नसेल तर ते मधोमध आहे, म्हणजे काचांच्या कडा बंद ठेवणारं सील गेलं. हे सगळं कळायला एक फडकं आणि एक मिनिट लागतं. एवढा वेळ कुणाकडे आहे? सगळ्या खिडक्या चौकटीसकट बदलून टाका. ‘मॉडेल जुनं झालं, पार्ट येत नाहीत’ असं सांगणारा माणूस भेटेलच. चौकट ठणठणीत, पल्ला ठणठणीत, मेलंय ते फक्त काचेचं युनिट (दोन काचा आणि मधली पोकळी असा जोडलेला संच), आणि ते बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या, काढून बदलता येतं, हे तो सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका, त्याला वाईट वाटेल.

किंवा काचेला भोकच पाडून घ्या. हा उपाय हल्ली फार मानाने सांगितला जातो. बारीक ड्रिलने कोपऱ्यात दोन छिद्रं पाडायची, आतली ओल सुकवायची, छिद्रांत छोटी बुचं बसवायची, झाली काच नवी! दोन काचांमध्ये हवा कोंडायच्या कल्पनेचं अमेरिकेत पेटंट घेतलं गेलं ते १८६५ साली. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ लोक हवा कोंडून ठेवायला धडपडताहेत आणि आपण तिला दार करून देतोय. काचांच्या कडेने जी पोकळ पट्टी असते, तो स्पेसर, त्यात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टीच्या दोन्ही अंगांना ब्युटाइलचा चिकट थर, त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइडचा किंवा तसाच दुसरा जाड थर. या थरांतून ओल झिरपत राहते, दाणे ती पीत राहतात, आणि एक दिवस त्यांचं पोट भरतं. त्या दिवशी धुकं दिसतं. भोक पाडून तुम्ही धुकं घालवाल. भरलेले दाणे, फाटलेलं सील आणि पोकळीतून निघून गेलेला आर्गॉन वायू तसेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शिवाय काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिलचं टोक टेकवताच सगळी काच शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांत खाली येते. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही की भोसकता येत नाही. दाराच्या काचेच्या कोपऱ्यात टफनचा छोटा शिक्का असतो. तो वाचण्यापेक्षा ड्रिल चालवून बघणं जास्त रोमांचक.

नवं युनिट मागवताना काच दिसते तेवढीच मोजा. बीडिंगखाली आणखी काच लपलेली असते ही अफवा आहे. ज्यांना अफवांवर विश्वास ठेवायचाय ते बीडिंग काढतात, चौकटीतली खाच वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतात, सगळ्यांत कमी आकडा धरतात आणि त्यातून साधारण ६ मिलिमीटर वजा करतात, म्हणजे काचेला चारही बाजूंनी ३-३ मिलिमीटर मोकळीक राहते. मग ते जाडीही मोजतात. दोन काचा ४-४ मिलिमीटरच्या आणि मधली पोकळी १६ ची, तर जाडी २४. पोकळी २० ची असेल तर २८. तुम्ही ‘डबल काच द्या’ एवढंच सांगा. २८ च्या चौकटीत २४ ची काच खुळखुळते, पण त्यालाही एक नाद असतो. आणि काचेवर उष्णता अडवणारा थर असेल तर तो पोकळीच्या आत ठरलेल्या काचेवर हवा, हे मात्र अजिबात मनावर घेऊ नका. युनिट उलटसुलट कसंही बसतं.

बीडिंग नेहमी कोपऱ्यातून उचका. कोपरा तुटला की मग कळतं की सुरुवात सगळ्यांत लांब पट्टीच्या मधोमध करायची होती, जाड पात्याचा पुट्टीचा पत्रा खाचेत ठोकून पट्टी कमानीसारखी वाकवायची होती, आणि परत बसवताना आखूड पट्ट्या आधी, लांब शेवटी.

काचेखाली रंगीत प्लास्टिकचे तुकडे सापडतील. कचरा आहे, टाकून द्या.

ते टाकले की दार काही महिन्यांत कुलपाच्या बाजूला खाली बसतं आणि उंबऱ्याला घासायला लागतं. उत्तम. आता ग्राइंडर काढा आणि दाराचा खालचा कोपरा तासा. त्या तुकड्यांना पॅकिंग म्हणतात. १ मिलिमीटरपासून ६ पर्यंत जाडीचे मिळतात. दारात ते तिरके काम करतात: एक बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, दुसरा कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात. काचेच्या वजनाचा असा कर्णावर तणावा बसला की दाराचा लोंबणारा कोपरा उचलला जातो. म्हणजे घासणारं दार दुरुस्त करायला लागते दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिकची चकती. पण चकतीत कसला पुरुषार्थ? ग्राइंडरच बरा. तासलेल्या यूपीव्हीसीच्या (दाराच्या कडक प्लास्टिकच्या) पोकळीतून आतली लोखंडी पट्टी दिसायला लागली की गंजाचीही सोय झाली.

हँडल वर उचलून दार लागत नसेल तर जोर लावा. तरीही नाही लागलं तर आणखी जोर लावा, खांदा लावा, घरातल्या तरुण मंडळींना बोलवा. दार उघडं ठेवून हँडल फिरवून बघणे हा रडका मार्ग आहे. उघड्या दारात कुलूप लोण्यासारखं फिरत असेल तर कुलूप बरं आहे, दार सरकलंय. बिजागरी किंवा चौकटीवरची पट्टी मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलवली की काम होतं. उघड्या दारातही अडकत असेल तरच कुलपाचा दोष. अशा कुलपाचा जो मधला डबा असतो, ज्यातून हँडलचा ८ मिलिमीटरचा चौकोनी दांडा जातो, तो जोर लावून फुटतो. कडकन आवाज येतो, आणि मग हँडल दोन्हीकडे मोकळं भिरभिरतं. बऱ्याच कुलपांत तो डबा एकटा बदलता येतो. त्यासाठी कुलपाच्या पट्टीच्या कडेपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दांड्यापासून किल्लीच्या सिलिंडरपर्यंतचं अंतर, जे पुष्कळदा ९२ मिलिमीटर असतं, एवढंच मोजायचं. पण मोजपट्टी घरात असते कुठे.

किल्ली जड फिरते? भोकात तेल ओता. धूळ आणि तेलाचा चिखल झाला की ग्राफाइटची भुकटी फुंकायची होती हे आठवेल.

खिडकीच्या कडेचं रबर कोपऱ्यात आखडलं असेल तर नवं ताणून बसवा, म्हणजे तेही आखडेल. (सैल, मीटरला सेंटिमीटरभर जास्त ठेवून बसवणारे लोक कंटाळवाणे असतात.) आणि बसवल्यावर त्यालाही तेल चोळा; खनिज तेलाने ईपीडीएम रबर छान फुगतं. सिलिकॉन स्प्रे फक्त कंजूष वापरतात.

सरकती खिडकी ओढताना कुरकुरत असेल तर ट्रॅकमध्ये ग्रीस भरा. चिकटून बसायला आधीच वाट बघत असलेल्या वाळूला तेवढाच आधार. पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं भोक असतं आणि त्यात चाक वर-खाली करायचा स्क्रू, हे कुणालाही सांगू नका.

बाहेर उघडणाऱ्या खिडकीतून वारा येतो? कापसाच्या वळकट्या कोंबा. कुलपाच्या पट्टीवरचे छत्रीसारखे खुंट ॲलन कीने किंवा पकडीने थोडे फिरवले की पल्ला चौकटीवर आणखी दाबून बसतो. त्यांचा मध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो, तो त्यासाठीच. आणि वाकलेली फ्रिक्शन बिजागरी (उघडलेला पल्ला हवा तिथे धरून ठेवणारी) बदलताना फक्त लांबी बघून आणा. उंचीचं माप, १३ मिलिमीटर की १७, हे बघितलं तर पल्ला पहिल्या फटक्यात बसेल आणि दुपार मोकळी जाईल.

आता ती चौकट. बाहेर खालच्या पट्टीवर तीन भोकं होती, तिन्हींवर पांढरं सिलिकॉन, बोटाने नीट गुळगुळीत केलेलं. कुणीतरी मन लावून केलेलं काम. पात्याने पहिला गठ्ठा उपटला आणि आतून काळपट पाण्याची धार सुटली ती थांबेना. पाऊस होऊन चार दिवस झाले होते. बीडिंग काढलं तर युनिटची खालची कड पाण्यात उभी. पॉलिसल्फाइड नखाने निघत होतं, चिखलात पडलेल्या च्युइंगमसारखं. ब्युटाइल काचेवर काळे ओघळ होऊन वर चढलं होतं. स्पेसरमधले दाणे भिजून गिच्च. एवढ्यावर मालकांचा प्रश्न काय, तर ‘भोकं बंद केली तरी गळतं कसं?’

तरी नाही हो. म्हणून!

या खिडकीचं बाहेरचं रबर पाणी पूर्ण अडवतच नाही, अडवणं अपेक्षितही नाही. वाऱ्याच्या झोतात थोडं पाणी त्याच्या मागे जाणार, हे धरूनच चौकटीत खाली एक पन्हळ केलेली असते. पाणी त्या पन्हळीत उतरतं, आतल्या भोकातून खालच्या कप्प्यात जातं, आणि बाहेरच्या भोकातून निघून जातं. आतली आणि बाहेरची भोकं समोरासमोर ठेवत नाहीत, ती वारा थेट आत येऊ नये म्हणून. वरच्या बाजूलाही बारीक भोकं असतात, ती हवेचा दाब सारखा राहून पाणी खाली उतरावं म्हणून. एवढा विचार करून केलेली व्यवस्था तुम्ही एका नळीने बंद केलीत. मग पन्हळ भरते. भरली की पाणी सगळ्यांत ठेंगण्या काठावरून सांडतं, आणि तो काठ खोलीच्या बाजूला असतो. म्हणून तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावर तळं. शिवाय साचलेल्या पाण्यात काचेचं सील कुजतं, आतली लोखंडी पट्टी आणि स्क्रू गंजतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तुम्ही ‘काचा खराब लागल्या’ म्हणून बोंब मारता. काचा खराब नव्हत्या. तुम्ही त्या बुडवून मारल्यात.

आणि सिलिकॉन तरी कुठलं? व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं, आम्ल सोडत सुकणारं. ते काचेच्या सीलला लागलं की सील खराब करतं, म्हणून अशा कामाला न्यूट्रल सिलिकॉन वापरतात. नळीवर लिहिलेलं असतं. चष्मा लावा आणि वाचा.

बसवून देणारेही तेवढेच दोषी. गिलावा करताना भोकांवर सिमेंट थापता, रंग देताना ब्रशने भोकं भरता, सिल, म्हणजे खिडकीखालचा कट्टा, बसवताना पट्टी अशी सारता की भोकं सिलच्या खाली गडप. गिऱ्हाईक बोलावतं तेव्हा येऊन पुन्हा सिलिकॉनच फासता आणि ‘केमिकल मारलंय’ म्हणून सांगता. लाज वाटली पाहिजे. सिलिकॉनची जागा एकच: चौकट आणि भिंत यांच्यामधली बाहेरची फट, तीही भोकांना हात न लावता. काचेच्या कडेला नाही, बीडिंगवर नाही आणि भोकांवर तर मुळीच नाही.

आणि घरमालकांनो, मेहेरबानी करून पैसे खर्च करायच्या आधी एवढं करा. पल्ला उघडा. चौकटीच्या खालच्या पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर बघा. काही सेकंदांत भोकांतून धार यायला हवी. नाही आली तर बाहेरची टोपणं काढा, मऊ तारेने किंवा प्लास्टिकच्या केबल टायने भोकं मोकळी करा, पन्हळीतली माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, जुनं सिलिकॉन पात्याने खरवडून काढा. ड्रिल घालू नका, आत लोखंडी पट्टी आहे. पुन्हा पेलाभर पाणी. तरीही बाहेर आलं नाही, तर आत अजून सिलिकॉन आहे; ते काढल्याशिवाय मला बोलावू नका.