सबसिडी मिळाली, हक्काचं काय?

तीन किलोवॅटच्या सोलरला केंद्राकडून 78 हजार रुपये मिळतात म्हटल्यावर, फेब्रुवारी 2024 नंतर कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी पॅनलचा विषय. चांगलंच आहे. पण पॅनल टिकतं पंचवीस वर्षं, आणि त्याच्या विजेचा हिशोब चालतो नियमांवर. ते कधी बदलतील याचा नेम नाही. माझं भांडण इथं आहे: सूर्य, वारा, उसाचं चिपाड यांपासूनच्या, म्हणजे नवीकरणीय विजेसाठी स्वतंत्र कायदाच हवा.

31 डिसेंबर 2020 ला केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. नाव हक्कांचं, पण नेट मीटरिंग, म्हणजे छतावरची वीज आपल्याच बिलातून वजा होणं, फक्त 10 किलोवॅटपर्यंत. त्यावरच्यांना ग्रॉस मीटरिंग, म्हणजे छतावर तयार झालेली सगळी वीज ठरलेल्या दराने कंपनीला घाला आणि स्वतःला लागणारी पूर्ण दराने विकत घ्या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीवाल्याला 10 किलोवॅट म्हणजे ऑफिसातले एसी आणि पंखे! इंडक्शन भट्टीचं बिल भरणाऱ्याने कर्ज काढून शेडवर पॅनल टाकायचे ते कुणाच्या भरवशावर? सहा महिन्यांत, जून 2021 मध्ये, मर्यादा 500 किलोवॅट झाली. योग्यच झालं. पण अधिसूचनेने दिलेलं उद्या अधिसूचनेनेच काढून घेता येतं.

"2003 चा वीज कायदा आहे की," असं कुणीतरी म्हणणारच. आहे. त्याच्या कलम 86 मध्ये एक उपकलम आहे: राज्य वीज नियामक आयोगाने नवीकरणीय विजेला प्रोत्साहन द्यावं आणि वितरण कंपन्यांनी ती किती टक्के घ्यावी ते ठरवावं. साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या (चिपाडावरच्या) वीजनिर्मितीपासून पवनचक्क्यांपर्यंतचा डोलारा मुख्यतः त्यावर उभा. नवीकरणीय कशाला म्हणायचं याची व्याख्याही त्यात नाही. 25 मेगावॅटवरचे जलविद्युत प्रकल्प 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने नवीकरणीयमध्ये आले. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला, 2029-30 साठी 43.33 टक्के वीज नवीकरणीय असण्याचं बंधन आलं, दंडही आला. पण ते बंधन वितरण कंपन्या आणि बड्या ग्राहकांवर. छतावर वीज करणाऱ्या तुमच्या-माझ्या हातात त्याने काय आलं?

स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्रीय मंत्रालयाने 2015 मध्ये काढला होता. त्याचा कायदा झालाच नाही. हे श्रीमंत देशांचे चोचले म्हणणाऱ्यांनी जरा फिलिपिन्सकडे बघावं, त्यांनी 2008 मध्येच केला. चीनने 2005 मध्ये.

वितरण कंपनीचं दुखणं मात्र खोटं नाही. शेतीपंपाची वीज स्वस्त ठेवायची म्हणून उद्योगाला चढा दर लावला जातो. कारखानदार सोलरवर गेला की तो पैसा आटतो, मग नियम आवळा म्हणून कंपनी आयोगाकडे धावते. सुनावण्या होतात, वकील बोलतात, आकड्यांच्या थप्प्या लागतात, आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो शेतकरी त्या खोलीत क्वचितच असतो. कायद्याने आधी हेच मिटवावं: सवलतीचा भार तिजोरीवर किती, उद्योगावर किती, आणि उद्योगावरचा किती वर्षांत उतरवायचा. यात कुणीतरी नाराज होणार. त्याला इलाज नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी दिवसा दहा तास वीज द्या म्हणून कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मांडला होता, तो काही हौसेने नव्हे. रात्री लाईट आली म्हणून उसात पाण्याची दारं धरायला जाणाऱ्याला साप माहीत असतो, आणि राधानगरी, भुदरगडकडे रानगवासुद्धा. शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) सौरवर न्यायची राज्याची योजना 2017 पासून आहे. तिला माझा पाठिंबाच आहे. फक्त दिवसा पाणी पाजणं योजनेच्या मुदतीवर टांगलेलं नको.

आणि नदीचं पाणी उचलून शेतीला देणाऱ्या आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांचं काय? 2019 आणि 2021 च्या पुरात नदीकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या, तिथं पॅनल कुठं मांडणार? गावाच्या माळावर चार संस्थांनी मिळून प्रकल्प उभा करावा आणि ती वीज आपापल्या मोटारींच्या बिलात वळती व्हावी, हे हक्काने मिळालं पाहिजे. वीज समवर्ती सूचीत आहे, दिल्ली हलत नसेल तर राज्यानेही विचार करावा. संस्था कशी चालवायची ते आमच्याकडं कुणी शिकवायला नको. जोडणी किती दिवसांत देणार आणि नाही दिली तर भरपाई किती, एवढं कायद्यात लिहून द्या.