गढीच्या मातीला वाली कोण?

2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्याचा आनंद इथे इंग्लंडमध्ये आम्हालाही झाला. तेव्हापासून गावाकडच्यांशी बोलताना रोपवे, अतिक्रमणं, तटांची डागडुजी हेच विषय निघतात. ते महत्त्वाचेच आहेत. पण मराठवाड्या-खानदेशातल्या मातीच्या गढ्यांबद्दल, म्हणजे गावच्या पाटील-देशमुखांच्या बुरूजबंद वाड्यांबद्दल, कुणी अवाक्षर काढत नाही, याची खंत वाटते.

नॉरफोकमध्ये थेटफर्डला मातीचाच एक किल्ला आहे. 1066 च्या स्वारीनंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी खडूच्या दगडाचा भराव घालून सुमारे 20 मीटर उंच टेकाड रचलं, माथ्यावर लाकडी कोट बांधला. आवारासाठी लोहयुगातले जुने मातीचे तट आयतेच मिळाले. 1173 मध्ये इथला सरदार ह्यू बिगॉडने बंड केलं आणि पुढे राजा दुसऱ्या हेन्रीने किल्ला पाडला. आता लाकडी जिन्याने वर गेलं तर नुसतं गवत. खंदकात उतरलं की मात्र माथा बघायला मान मागे टाकावी लागते. चिलखत घालून ही चढण कोण चढणार!

या गवताच्या टेकाडावर परवानगीशिवाय खणणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये अशी सुमारे 20 हजार संरक्षित स्थळं आहेत, त्यातली कितीतरी खासगी मालकीची. शिवाय हे टेकाड अभिमानाचं म्हणून जपलेलं नाही. परक्या विजेत्यांनी इथल्या लोकांवर वचक बसवायला ते उभारलं होतं. ते घडलं याचा पुरावा म्हणून ते राखलंय.

आपल्याकडे इथेच अडतं. गढी म्हणजे पाटील-देशमुखांचा जुना तोरा आणि वारसांचे तंटे. बाकीच्या गावाला तिचं सोयरसुतक नाही. तिची पांढरी माती घरांच्या धाब्याच्या छपरांसाठी, शेतात खत म्हणून पिढ्यान् पिढ्या नेली गेली. गरजेपोटी टोपलीभर नेणाऱ्याला मी बोल लावणार नाही. पण जेसीबी लावून ट्रॉल्या भरणं वेगळं. पायथा पोखरला की पावसाळ्यात बुरूज खालच्या घरांवर येतो. आणि कित्येक गढ्या जुन्या वस्त्यांच्या थरांवर बसल्यात. खापरं, मणी, चुलींची राख सगळं मातीबरोबर जातं. तो थर पुन्हा रचता येत नाही.

स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे, होते आहे. त्याच नकाशांवर गढीची हद्द आखा. मालकी वारसांकडेच राहू द्या, फक्त मिळकत पत्रिकेवर एक अट चढवा: पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय खोदकाम नाही.