पेपर छापा, पण वाचू देऊ नका

सहयोगी प्राध्यापक व्हायचंय ना? मग पेपर, म्हणजे शोधनिबंध, कुणीतरी वाचण्यासाठी असतो, हे खूळ आधी डोक्यातून काढा.

त्या नादात तो अर्काइव्हवर, म्हणजे शोधनिबंधांच्या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहावर, तर मुळीच टाकू नका. पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने 1991 मध्येच ही सोय करून ठेवलीय; कुणीही टाकावं, कुणीही फुकट वाचावं. पेरेलमान या रशियन गणितज्ञाने पॉइन्कारेचं अनुमान हे गणितातलं जुनं कोडं सोडवलं आणि 2002-03 मध्ये तिथेच टाकून दिलं, नियतकालिकाकडे फिरकला नाही. जगभरच्या गणितज्ञांनी तपासलं, फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मान देऊ केला. आपल्या पदोन्नतीच्या फॉर्मात मात्र बिचारा शून्यावर बाद.

तुम्ही व्हॉट्सअॅपवरचा तो मेसेज उघडा: ‘आंतरराष्ट्रीय, पीअर रिव्ह्यूड, बहुविद्याशाखीय, ई-सर्टिफिकेट त्वरित’. पीअर रिव्ह्यूड म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी आधी तपासलेलं, निदान कागदावर. बहुविद्याशाखीय म्हणजे पाणिनी आणि पॉलिमर एकाच अंकात, मांडीला मांडी लावून. ठाण्यात कापूरबावडीला बसमध्ये बसल्या बसल्या जीपे करा, स्क्रीनशॉट पाठवा. गायमुख यायच्या आत ‘स्वीकृत’! (घोडबंदर रोडचा ट्रॅफिक पाहता तेवढ्या वेळात दोन परीक्षकांनी पेपर खरंच वाचून काढला असता, पण ते असो.) मन खात असेल तर ऐका. 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला पेपर 304 नियतकालिकांकडे धाडला. 157 जणांनी घेतला. तुमचा काय त्याहून वाईट आहे?

नामांकित परदेशी नियतकालिकाची हौस असेल तर तीही भागवा. लिहायचं तुम्ही, फुकट. तपासणार तुमच्यासारखाच एखादा मास्तर, तोही फुकट. आठ महिन्यांनी दुसरा परीक्षक कळवणार की संदर्भांत तीन महत्त्वाचे लेख राहिलेत. तिन्ही कुणाचे, हे विचारू नये. आणि छापून आलं की तेच वाचायला प्रकाशकाला पैसे. सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे देशभरच्या सरकारी संस्थांना ही नियतकालिकं वाचता यावीत म्हणून, तीन वर्षांचे 6,000 कोटी उगाच नाही मंजूर केले. आपणच फुकट दिलेला माल आपणच विकत घ्यायचा, हा हिशोब गावदेवी मार्केटातल्या भाजीवालीला तेवढा सांगू नका. मेथीची जुडी हातातून काढून घेईल.

ई-लाइफ या जीवशास्त्राच्या परदेशी नियतकालिकवाल्यांनी 2023 पासून स्वीकार-नकार हा प्रकारच मोडीत काढला. परीक्षणं लेखासोबत चारचौघांत मांडतात. म्हणजे परीक्षकाने काय झोडपलं ते आपल्या एमएस्सीच्या पोरांनी वाचायचं? नको रे बाबा. आपल्याकडे बरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2025 मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, गुंडाळली. चांगलं नियतकालिक कुठलं ते आता आपापल्या कॉलेजने ठरवायचं. आणि कॉलेजची समिती म्हणजे शेवटी स्टाफरूममधलेच चार जण, त्यांचेही पेपर त्याच अंकात.

मुलाखतीच्या दिवशी पेपर घरी राहिला तरी बिघडत नाही. सर्टिफिकेटच्या तीन झेरॉक्स तेवढ्या न्या. आणि हौसेने लॅमिनेशन करू नका, पंच मारून फायलीला लावता येत नाही म्हणून क्लार्क परत पाठवतो.