'पेलिर्रोखो'मधली 'इ': एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. 'पेलिर्रोखो', म्हणजे लाल केसांचा, हा स्पॅनिश शब्द मी बहुव्रीहीत, म्हणजे दोन्ही पदं मिळून तिसऱ्याचंच वर्णन करणाऱ्या समासात, बसवला ही आपल्याला ओढाताण वाटते. पेलो म्हणजे केस, रोखो म्हणजे लाल आणि मधली 'इ' म्हणजे स्पॅनिशमधलं 'आणि', तेव्हा हा सरळसरळ द्वंद्व, असं आपलं म्हणणं. दाखला 'आल्तिबाखो'चा, म्हणजे चढउताराचा.

'आल्तिबाखो'बद्दल वाद नाही. तो 'आल्तो इ बाखो', उंच आणि खोल, यातूनच आला. चुना आणि दगड मिळून झालेला 'कालिकान्तो'ही तसाच. पण तिथे दोन्ही पदं बरोबरीची आहेत. केस आणि लाल बरोबरीचे कसे होतील?

खरा निकाल लागतो तो लिंगावर. 'बोकिआब्येर्तो' घ्या, आ वासलेला. बोका म्हणजे तोंड, शब्द स्त्रीलिंगी. सुटं म्हणायचं तर 'बोका आब्येर्ता'. पण आ वासून उभा असलेला मुलगा 'बोकिआब्येर्तो' आणि मुलगी 'बोकिआब्येर्ता'. विशेषण तोंडाला सोडून माणसामागे गेलं! कान पुल्लिंगी असूनही आपण 'कानतुटकी किटली' म्हणतो, तसंच. समासाचा रोख तिसऱ्याकडेच. याला बहुव्रीही नाही तर काय म्हणायचं?

मग ही 'इ' आली कुठून? लॅटिनमधून. बार्बा म्हणजे दाढी, 'बार्बिगेर' म्हणजे दाढीधारी. कोर्नु म्हणजे शिंग, 'कोर्निगेर' म्हणजे शिंगवाला. पहिल्या पदाच्या शेवटी 'आ' असो की 'उ', समासात तिथे 'इ' येते. लॅटिनमध्ये 'आणि'ला शब्द आहे 'एत', त्यामुळे या 'इ'शी त्याचा संबंधच उरत नाही. स्पॅनिश 'बार्बिनेग्रो', काळ्या दाढीचा, त्याच वळणाचा.

क्रम मात्र स्पॅनिशचा स्वतःचा. लॅटिन 'माग्नानिमुस'मध्ये (मोठ्या मनाचा), आपल्या 'पीतांबर'सारखंच, विशेषण आधी येतं. स्पॅनिश माणूस 'पेलो रोखो' म्हणतो, म्हणून समासातही केस आधी. अपवाद संस्कृतातही आहेत: अग्नी स्थापन केलेल्या माणसासाठी पाणिनीने 'आहिताग्नी'बरोबर, अग्नी आधी ठेवणारा 'अग्न्याहित'ही चालवून घेतलाय.

शेवटी 'पेलिआगुदो'. आगुदो म्हणजे टोकदार. सशासारख्या लांब, बारीक केसांच्या जनावराला हा शब्द लावत. आज किचकट, अवघड प्रकरणाला लावतात. यात 'आणि' घालून अर्थ कसा लावायचा, ते आपण जरूर लिहा.