फ्यूज ‘शून्य’ केल्याने चिप फॅक्टरी सेटिंगला जात नाही

गुरुवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “मामा, तिन्ही चिप गेल्या.” डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, सोमवारी प्रोजेक्टचं सबमिशन आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या तीन एटमेगा३२८पी, म्हणजे आर्डुइनो उनोत असते तीच मायक्रोकंट्रोलर चिप. काय केलंस म्हणून विचारलं तर त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘क्लॉक बिघडलाय? पाच रामबाण उपाय’ हा मेसेज पाठवला. महिन्याभरात मला तो आणखी दोघांकडून आला होता. तेव्हाच नीट वाचून उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देतोय.

पहिला उपाय: ‘लो आणि हाय फ्यूज दोन्ही ०० करा, चिप फॅक्टरी सेटिंगला जाते.’ हे धडधडीत खोटं आहे. फ्यूज म्हणजे चिप कोणत्या क्लॉकवर, म्हणजे तिच्या कामाची लय ठरवणाऱ्या ठोक्यांवर, चालणार वगैरे ठरवणारे सेटिंगचे बिट. एव्हीआर, म्हणजे एटमेगा ज्या घराण्यातली त्या चिप्सच्या फ्यूजमध्ये हिशेब उलटा असतो. बिट ० म्हणजे फ्यूज लागू, १ म्हणजे लागू नाही. डेटाशीटच्या (चिपच्या अधिकृत माहितीपत्रकाच्या) ‘मेमरी प्रोग्रॅमिंग’ प्रकरणात हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ०० लिहिलं की सगळंच एकदम लागू होतं. लो फ्यूजमधले क्लॉक निवडणारे चार बिट ०००० झाले की चिप आतला ऑसिलेटर (क्लॉक तयार करणारं सर्किट) सोडून बाहेरून तयार क्लॉक यायची वाट बघत बसते. क्लॉकसाठी बाहेरून क्रिस्टल लावलेला असला तरी तो या सेटिंगमध्ये चालत नाही. हाय फ्यूज ०० केला तर त्याहून वाईट, कारण त्यात रिसेट पिन बंद करणारा बिटही लागू होतो. रिसेट गेला की आयएसपीने, म्हणजे प्रोग्रॅमर जोडून चिपमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीने, शिरताच येत नाही. मग १२ व्होल्टवाला हाय व्होल्टेज पॅरलल प्रोग्रॅमर लागतो. तो किती विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो?

खरी फॅक्टरी सेटिंग अशी: लो ६२, हाय डी९, एक्स्टेंडेड एफएफ, सगळे आकडे हेक्समध्ये (१६च्या पायाच्या पद्धतीत). आणि ‘चिप इरेज केली की फ्यूजही पुसतात’ अशी जी पुरवणी त्या मेसेजला जोडलीय, तीही चूक. इरेजने फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) आणि लॉक बिट पुसले जातात, फ्यूज जसेच्या तसे राहतात.

दुसरा उपाय: ‘प्रोग्रॅमर चिप ओळखत नसेल तर ती मेली, फेकून द्या.’ भाच्याने पहिल्या दोन चिप्सना फक्त लो फ्यूज लिहिला होता, तिसरीला दोन्ही. त्या पहिल्या दोन आम्ही शुक्रवारी रात्री परत मिळवल्या. त्याच्या आर्डुइनो उनोवर टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्याला पोचला की पुन्हा शून्यापासून मोजणारा) टॉगलला लावला, तो आकडा, म्हणजे ओसीआर१ए, शून्य ठेवला, की उनोच्या डिजिटल ९ वर ८ मेगाहर्ट्झचा चौकोनी क्लॉक मिळतो. तो चिपच्या ९ नंबरच्या पायाला, म्हणजे एक्सटाल१ला दिला आणि ग्राउंड जोडला. (दोन्हीकडे ९ हा योगायोग आहे, गोंधळू नका.) तरीही एरर आला, कारण ०० मुळे आठने भागणारा फ्यूजही लागू झाला होता आणि चिप १ मेगाहर्ट्झवर चालत होती. आयएसपीचा क्लॉक चिपच्या क्लॉकच्या पाव भागापेक्षा कमी हवा, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली. चिपमध्ये लिहिणाऱ्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरला कॅपिटल बी ऑप्शनने १० (मायक्रोसेकंद, म्हणजे १०० किलोहर्ट्झ) दिले आणि स्क्रीनवर १ई ९५ ०एफ उमटलं. ३२८पीची सही! भाचा खुर्चीवरून उठलाच.

तिसरा: ‘एलईडी हळू लुकलुकला तर चिप डुप्लिकेट.’ बाजारात डुप्लिकेट चिप्स असतात, मान्य. पण ही त्याची खूण नाही. नवी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. कोड १६ मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केलात तर एका सेकंदाचा डिले १६ सेकंद घेणारच. घड्याळ लावून मोजा, १६ सेकंद आले की चिप १ वर आहे, दोन आले की ८ वर.

चौथा उपाय क्रिस्टलला १०४ नंबरचे कपॅसिटर लावायचा. डेटाशीट १२ ते २२ पिकोफॅरड सांगते आणि १०४ म्हणजे एक लाख पिकोफॅरड. क्रिस्टल सुरूच होणार नाही.

पाचव्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ‘आतला ऑसिलेटर भरवशाचा नाही’ म्हणे. फॅक्टरी कॅलिब्रेशनची हमी ±१० टक्क्यांची आहे आणि सीरियलला, म्हणजे चिपने कॉम्प्युटरशी बोलायला, साधारण २ टक्क्यांपर्यंतचीच चूक चालते, त्यामुळे सीरियल मॉनिटरवर कचरा दिसू शकतो. पण ऑसिलेटरचा वेग जुळवणाऱ्या ऑसकॅल रजिस्टरने तो १ टक्क्यापर्यंत आणता येतो, आणि एलईडी, रिले किंवा बटणाच्या प्रोजेक्टला तेवढीही गरज नसते. ‘कधीच वापरू नका’ कशासाठी?

भाच्याची तिसरी चिप डबीत ठेवलीय, १२ व्होल्टचा प्रोग्रॅमर मिळेल तेव्हा बघू. तुम्ही तो मेसेज कुणाला पुढे पाठवला असेल तर आजच त्यांना कळवा: ०० नाही, ६२, डी९, एफएफ.